ओलीवरचं कॅलेंडर

जुनी स्कूटर घ्यायची असली की आपल्याकडचा माणूस ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेतो. मेकॅनिक किक मारतो, मान तिरकी करून इंजिन ऐकतो, धुराचा रंग बघतो आणि मालकाच्या तोंडावर ‘पिस्टन गेलाय’ म्हणून दोन-तीन हजार खाली उतरवतो. सगळा व्यवहार वीस-पंचवीस हजारांचा. तोच माणूस ऐंशी लाखांचा फ्लॅट बघायला निघतो तेव्हा बरोबर काकांना नेतो.

काका पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले असतात. तिथे ते हिशेब खात्यात होते. पण जन्मभर सरकारी इमारतींची बिलं पास केल्यावर सिमेंट आपोआप कळायला लागतं, असा त्यांचा आणि घरातल्या सर्वांचा विश्वास आहे. फ्लॅटमध्ये शिरताच ते बोटाच्या पेराने भिंत वाजवतात. टक् टक्. दोन पावलं सरकतात. टक् टक्. “भरीव आहे,” असा निकाल देतात. मालक आदराने मान डोलावतो. भिंतीने भरीव असावं ही भिंतीकडून फारच किमान अपेक्षा झाली, हे कोणी बोलून दाखवत नाही, कारण काकांना दुपारची झोप मोडून आणलेलं असतं.

काकांच्या मागे आत्या. ती स्वैपाकघरातले आणि बाथरूममधले सगळे नळ सोडून बघते. पाणी येतंय याचं समाधान झालं की बंद करते. पाणी जातंय का, आणि जातंय तर कुठे, हे बघायचं राहून जातं. मग गॅलरीत उभी राहून “समोर कोण राहतात?” असं विचारते. मेहुणा ‘लोडिंग किती?’, म्हणजे कार्पेटवर क्षेत्र किती फुगवलंय, असं विचारतो. घर घेणाऱ्यांसाठीचा रेरा कायदा आल्यापासून नव्या प्रकल्पांत व्यवहार कार्पेट एरियावर होतो, त्यामुळे या प्रश्नाचं आयुष्य खरं तर संपलं आहे; पण मेहुण्याला घराबद्दल एवढा एकच प्रश्न येतो आणि तो वाया घालवायची त्याची तयारी नसते. शेवटी वास्तूवाले गृहस्थ होकायंत्र काढतात. संडास ईशान्येला आहे, हे ते छातीठोक सांगतात. संडास गळतो आहे, हे त्यांच्या शास्त्रात बसत नाही.

सगळी मंडळी मग खाली येऊन अमृततुल्यात चहा घेतात आणि कोणीतरी म्हणतं, “काही म्हणा, हवा मात्र खेळती आहे.” मराठी कुटुंबाने हवा खेळती आहे असं म्हटलं की टोकन दिल्यात जमा समजावं.

‘घर पाहावं बांधून’ ही म्हण घराविषयीच्या कुठल्याही लेखात येतेच, तर ती इथेच उरकून टाकू. ज्याने ती केली त्याच्या काळी माणूस स्वतःचं घर स्वतः उभं राहून बांधून घ्यायचा. गवंड्याने ओळंबा सोडला की हा डोळा बारीक करून बघायचा. विटा भिजवल्या का, गिलाव्यावर पाणी मारलं का, वाळूत माती किती आहे, यावर रोजची भांडणं व्हायची आणि वर्षभराने घर पूर्ण होईपर्यंत मालक अर्धा गवंडी झालेला असायचा. आज आपण घर बघतो ते सँपल फ्लॅटमध्ये. तिथे चौकटींना दारं नसतात, म्हणून खोल्या मोठ्या वाटतात. पलंग असा बेताचा असतो की त्यावर झोपणाऱ्याने पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न पडावा, पण तिथे झोपून कोण बघतो? बाकी सगळा कारभार माहितीपत्रकावर, ज्यात कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत हे चित्र काल्पनिक असल्याचं लिहिलेलं असतं. तेवढं एकच वाक्य त्यात खरं असतं, आणि ते वाचायला भिंग लागतं.

बांधताना आपण उभे नव्हतो, हे एकदा मान्य केलं की पुढचा प्रश्न उरतो. मग कोण उभं होतं? इथे आपला माणूस पटापट तीन नावं घेतो.

पहिलं नाव बँकेचं. “एवढं साठ लाखांचं कर्ज देते, बघितल्याशिवाय देईल का?” बँक बघते, यात शंका नाही. बँकेचा वकील मालकी हक्काच्या साखळीचा मागे वीस-तीस वर्षांपर्यंतचा शोध घेतो आणि बँकेचा मूल्यांकनकार फ्लॅटवर येऊन जातो. पण तो बघतो ते एवढंच, की उद्या तुम्ही हप्ते थकवलेत तर हा फ्लॅट विकून बँकेचे पैसे सुटतील का. बाथरूमचा उतार उलटा असला म्हणून बँकेचा एक रुपया बुडत नाही. आंघोळ तुम्हाला करायची आहे. मी ज्या मूल्यांकनकारांना काम करताना पाहिलं आहे, ते मोबाइलवर फोटो काढत आत येतात आणि फोटो काढतच बाहेर जातात.

दुसरं नाव रेराचं. प्रकल्पाला महारेराचा नोंदणी क्रमांक आहे म्हणजे सरकारने घर तपासलं, असं मानणारी माणसं अजून आहेत. २०१७ पासून महाराष्ट्रात रेराची व्यवस्था आहे आणि तिचे उपकार मोठे आहेत. बिल्डरला जमिनीची कागदपत्रं, मंजूर नकाशे, ताबा कधी देणार ती तारीख, सगळं उघड करावं लागतं. पण तो क्रमांक माहिती उघड केल्याचा आहे. तुमच्या बेडरूममधली फरशी पोकळ आहे की भरीव, हे बघायला कोणी सरकारी माणूस गुडघ्यावर बसलेला नसतो.

तिसरं नाव भोगवटा प्रमाणपत्राचं. ते असायलाच हवं; त्याच्याशिवाय ताबा घेणं म्हणजे पुढची दहा वर्षं पाण्याच्या जोडणीपासून सगळ्या गोष्टींसाठी अर्ज लिहीत बसणं. पण ते इमारत मंजूर नकाशाप्रमाणे आणि नियमांप्रमाणे पूर्ण झाली असं सांगतं. मुलाच्या खोलीतल्या थ्री-पिन सॉकेटच्या वरच्या भोकाला अर्थिंगची तार जोडली आहे की ते भोक शोभेचं आहे, याबद्दल प्रमाणपत्र मौन पाळतं.

म्हणजे कागद बघणारे भरपूर. दिशा बघणारे आहेत, शेजार बघणारे आहेत, भाव बघणारे तर पायलीला पन्नास. घर बघणारा तेवढा कोणी नाही. हे काम पैसे घेऊन करणारी माणसं आता पुण्या-मुंबईत मिळतात. होम इन्स्पेक्टर. हे ऐकल्यावर पहिल्यांदा ज्या भावना उमटतात त्या आमच्या घरात मी जवळून पाहिल्या आहेत.

माझ्या भाच्याने कोथरूडच्या बाजूला वीसेक वर्षांच्या इमारतीत फ्लॅट घ्यायचं ठरवलं. त्याची बायको, म्हणजे आमची सूनबाई, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. तिला कुठल्याही गोष्टीचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय त्या गोष्टीचं अस्तित्वच पटत नाही. तिने परस्पर इन्स्पेक्टर ठरवला आणि जेवताना सहज सांगितलं. काकांचा घास हातातच राहिला.

“पैसे देऊन परका माणूस? मग मी कशाला आहे?”

“काका, तुम्ही पण चला की.”

“मी येणारच. पण फी किती घेतो?”

तिने काही हजारांचा आकडा सांगितला. काकांनी तो असा ऐकला की जणू फ्लॅटचीच किंमत दुप्पट झाली. याच व्यवहारात दलालाला टक्क्याच्या हिशेबाने लाखभर जाणार होते, मुद्रांक शुल्कात काही लाख जाणार होते, वास्तुशांतीला दीडशे पानं उठणार होती. त्यातल्या एकाही खर्चावर कोणाचा घास अडकला नव्हता. माझं निरीक्षण असं, की शुभ बोलायचे पैसे आपण हसत देतो. दोष दाखवायचे पैसे मागणारा माणूस आपल्याला उपटसुंभ वाटतो.

इन्स्पेक्टर आला तो तिशीतला सिव्हिल इंजिनिअर होता. दारात बूट काढले, पाठीवरची बॅग उघडली आणि काम सुरू केलं. चहा नको म्हणाला. यावरून आत्याचं मत तिथल्या तिथे वाईट झालं.

त्याने आधी लेझरने खोल्या मोजल्या. काकांनी त्या आधी पावलांनी मोजल्याच होत्या. दोघांचे आकडे जुळेनात आणि कागदावरचा कार्पेट एरिया दोघांशीही जुळेना. इन्स्पेक्टर म्हणाला, रेराच्या व्याख्येत घराच्या आतल्या विभाजक भिंतींची जाडी कार्पेटमध्ये धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी धरत नाहीत. त्यामुळे भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलेलं क्षेत्र थोडं कमीच भरतं. हा फ्लॅट रेराच्या आधीचा, त्याच्या कागदांवर तर त्या काळच्या बिल्डरला जे सुचलं ते. काकांना हे फार लागलं. आपण ज्या भिंतीला डोकं टेकून बसतो तिच्या पोटातल्या विटांचेही चौरस फुटाच्या भावाने पैसे मोजतो, हे त्यांनी नंतर इमारतीतल्या तीन अनोळखी लोकांना थांबवून सांगितलं.

मग त्याने एक बारीक दांडी काढली आणि फरशीवर ठोकत सुटला. टक् टक् टक्, आणि मध्येच टब्. जिथे टब् वाजलं तिथे खडूने फुली. खाली मसाला नीट भरला नसला की टाइल पोकळ वाजते आणि पुढेमागे जड कपाटाखाली तडकते. काकांच्या चेहऱ्यावर प्रथमच प्रकाश पडला. “म्हणजे ठोकूनच बघतात ना? मी काय वेगळं करत होतो?” शास्त्र तेच होतं, काका फक्त भिंतीवर चालवत होते. त्यानंतर ते इन्स्पेक्टरच्या मागे मागे फिरून त्याने तपासलेल्या प्रत्येक टाइलची फेरतपासणी करू लागले आणि दोन फुल्या त्यांनी स्वतःच्या अधिकारात वाढवल्या.

बाथरूममध्ये त्याने बादलीभर पाणी ओतलं आणि नुसता उभा राहिला. पाणी न्हाणी ट्रॅपकडे जायला हवं. मीटरमागे सेंटिमीटरभर उतार पुरतो, फार काही लागत नाही. हे पाणी जरा विचारात पडल्यासारखं झालं आणि मग शांतपणे दाराकडे निघालं. मालक म्हणाले, “आम्ही वायपरने ढकलतो.” वीस वर्षं हे कुटुंब आंघोळीनंतर पाण्याला वाट दाखवत होतं, आणि त्यात काही वावगं आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. माणूस घराला सरावतो तो असा. म्हणून तर मालकाला ‘काही प्रॉब्लेम?’ असं विचारून उपयोग नसतो. तो खोटं बोलत नसतो, त्याला खरोखर दिसत नसतं.

कॅलेंडर मात्र त्यांना दिसत असणार. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर, बाकी सगळं रिकामं सोडून, गुडघ्याच्या उंचीवर एक कॅलेंडर होतं. त्या उंचीवर तारीख बघायची तर मांडी घालावी लागली असती. शिवाय ते गेल्या वर्षीचं होतं. इन्स्पेक्टरने विचारलं, “हे काढू का?” मालकीणबाई म्हणाल्या, “राहू दे की, त्याच्यावर दुधाचा हिशेब आहे.” त्याने हळूच वर उचललं. खाली पोपडे सुटलेले, लोणा फुललेला, आणि मधोमध पिवळसर तपकिरी कड असलेला एक डाग, नकाशातल्या एखाद्या बेटासारखा. मालक म्हणाले, जुनं आहे, आता सुकलंय. इन्स्पेक्टरने ओलावा मोजायचं यंत्र टेकवलं. ते चिडल्यासारखं ओरडायला लागलं.

जुनी घरं बघायला जाणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. एकाच कोपऱ्यात ताजा रंग, एकाच भिंतीला वॉलपेपर, एकाच खोलीत नवंकोरं पीओपी छत, अशी सजावट दिसली की घरमालक हौशी आहे असं समजू नका. आणि घरं दाखवली जातात ती बहुधा दिवाळी ते गुढीपाडवा या काळात. आपल्या सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांतली घरं त्या दिवसांत सगळीच सज्जन असतात. गळकं घर जुलैत विकायला काढायला मालक काही खुळा नसतो. छप्पर जुलैत कळतं आणि पाणी मेमध्ये, टँकरची शिट्टी वाजली की. या दोन्ही महिन्यांत दलालाला नेमकी किल्ली सापडत नाही.

यंत्रांत सगळ्यांत मान मिळाला तो थर्मल कॅमेऱ्याला. त्यातून भिंत निळी, जांभळी, पिवळी दिसायला लागली तशी इमारतीतली चार पोरं आणि दोन आजोबा दारात जमले. आत्याने विचारलं, “यात वरच्यांच्या घरातलं दिसतं का?” तिची निराशा झाली. कॅमेरा भिंतीच्या पलीकडचं काही बघत नाही. तो फक्त पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. ओल असली की तिथलं पाणी उडून जाताना भिंत गार पडते, आणि तो गारवा डाग बनून दिसतो. म्हणजे तोही अंदाजच. म्हणून हा माणूस कॅमेऱ्याने संशय घेई आणि ओलाव्याच्या यंत्राने खात्री करी. कुटुंबात आपण नुसत्या संशयावर भागवतो.

वीज तपासायला त्याने प्रत्येक सॉकेटमध्ये तीन दिव्यांचा एक छोटा टेस्टर खुपसला. अकरापैकी चार ठिकाणी अर्थिंग नव्हतं. मुख्य पेटीत शॉक जिवावर बेतण्याआधी वीज तोडणारं आरसीसीबी नव्हतंच. फार मोठी गोष्ट नाही, इलेक्ट्रिशियनचं एका दिवसाचं काम. पण आमच्यापैकी कोणालाही जन्मात हे बघावंसं वाटलं नसतं. काकांनी ट्यूबलाइट लावून बघितली होती. लागली होती.

आणि मग तो म्हणाला, “खालच्या मजल्यावरच्यांना जरा भेटू या का?”

आम्हाला कळेना. खालचं घर आम्हाला घ्यायचं नव्हतं. त्याने समजावलं, की तुमच्या बाथरूमची गळती तुम्हाला तुमच्या घरात कधीच दिसत नाही. ती खालच्यांच्या छताला दिसते. हे इतकं उघड होतं की सगळे गप्प झाले. मालक फारच गप्प झाले.

खालच्या आजोबांनी दार उघडलं आणि ‘वरचा फ्लॅट घेताय?’ एवढं ऐकल्यावर त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती मी विसरणार नाही. कोणीतरी हा प्रश्न विचारेल म्हणून हा माणूस वर्षानुवर्षं बसला होता. त्यांनी आम्हाला बाथरूममध्ये नेऊन छत दाखवलं, त्यावरचे पांढरे क्षार दाखवले, गळणाऱ्या सांध्याखाली स्वतः बसवलेलं प्लास्टिकचं पन्हळ दाखवलं. मग फाइल आणली. सोसायटीला लिहिलेली पत्रं, पोच घेतलेल्या प्रती, वरच्यांना लिहिलेली पत्रं, वरच्यांची ‘आमच्याकडे सर्व कोरडे आहे’ अशी उत्तरं. वरच्यांकडे कोरडंच होतं, खोटं काहीच नव्हतं. निघताना त्यांनी सूनबाईला विचारलं, “तुम्ही लोक भांडणारे आहात की दुरुस्ती करणारे?” घराच्या व्यवहारातला इतका मुद्देसूद प्रश्न मी दुसरा ऐकलेला नाही.

इमारतीच्या तब्येतीबद्दल इन्स्पेक्टरने हात वर केले. खांब, तुळया, स्लॅबमधलं लोखंड हा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा विषय, आणि तो माणूस वेगळा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर तीन वर्षांनी व्हायचं असतं. मुंबईत तर तीस वर्षांपुढच्या इमारतींना महापालिकेच्या कायद्यानेच ते करावं लागतं. तेव्हा नवीन ऑडिट कशाला, सोसायटीकडे आहे ते मागा, असं तो म्हणाला. आम्ही मागितलं. ते कपाटात होतं. कपाटाची किल्ली सेक्रेटरींकडे होती. सेक्रेटरी मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेले होते.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर सांगतो. आमची एक चुलत बहीण न्यू जर्सीत आहे. तिथे घर घेताना आधी भाव ठरतो, मग करारात ठरलेल्या मुदतीत इन्स्पेक्टर येतो आणि त्याच्या अहवालावर दुसरी फेरी रंगते. या कामाला तिथे राज्याचा परवाना लागतो. सगळ्या अमेरिकेत तसं नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात परवाना लागत नाही. तळघरात रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू साठलाय का हे बघतात, वाळवी बघतात, छपरावर चढतात. १९७६ मध्ये या इन्स्पेक्टरांनी अमेरिकेत आपली संघटना काढली, तिच्या आचारसंहितेत एक नियम मला फार आवडतो: ज्या घराची तपासणी केली, त्यातल्या तपासलेल्या गोष्टींची दुरुस्ती वर्षभर पैसे घेऊन करायची नाही. ओल शोधणाऱ्यानेच ओल बुजवायचं कंत्राट घेतलं तर त्याला ओल जरा जास्तच सापडणार, हे त्यांनी ओळखलं.

आपल्याकडे या धंद्याला परवाना नाही. उद्या काकांनी व्हिजिटिंग कार्ड छापलं तर तेही होम इन्स्पेक्टर, आणि ते छापतील या भीतीने मी हे हळू आवाजात लिहितो आहे. त्यामुळे लायक माणूस ओळखायचा तो आपणच. सूनबाईने तीन जणांना फोन केले होते. पहिला दलालाने सुचवलेला, तो तिने दलालाने सुचवला म्हणूनच सोडला. दुसऱ्याने फोनवरच सांगितलं की आमच्याकडे वॉटरप्रूफिंगची स्कीम चालू आहे. तिसऱ्याला तिने विचारलं, तुम्ही काय काय बघत नाही? तो पाच मिनिटं बोलला. भिंतीच्या आतले पाइप दिसत नाहीत, फोडून बघत नाही, खांबांची खात्री देत नाही, मालकीची कागदपत्रं बघत नाही, घर घ्या की नका घेऊ हे सांगत नाही. तिने त्याला ठरवलं. मागच्या एका कामाचा नमुना अहवालही मागवून घेतला आणि तो रक्ताचा रिपोर्ट वाचावा तसा, नॉर्मल रेंज शोधत वाचला.

नव्या फ्लॅटच्या ताब्याच्या वेळी असा माणूस नेला तर गंमत आणखी वेगळी. तिथे समोर बिल्डरचा साइट सुपरवायझर असतो आणि त्याच्याकडे प्रत्येक दोषाला ठरलेलं उत्तर असतं. भेग दाखवली की ‘हेअरक्रॅक आहे, बिल्डिंग सेटल होतेय’. ओल दाखवली की ‘प्लास्टर सुकतंय अजून’. खिडकी लागत नाही म्हटलं की ‘वापरून वापरून लागेल’. दार घासतं म्हटलं की ‘पावसाळ्यानंतर बसेल’. काहीच सुचलं नाही तर ‘सगळ्यांचं तसंच आहे’, जे बहुधा खरं असतं. आणि सगळ्याच्या शेवटी ‘करून देऊ’. हा भविष्यकाळ कसा संपवायचा याची सोय कायद्यात आहे: रेराच्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो तीस दिवसांत, फुकट, दुरुस्त करून द्यायचा असतो. पण दाखवून द्यायचा म्हणजे लेखी, तारखेसह, जमल्यास फोटो लावून. ‘अहो, ते जरा बघा ना’ असं जिन्यात भेटल्यावर म्हणणं कलमात बसत नाही.

आमचा अहवाल दोन दिवसांनी आला. भरपूर पानं, प्रत्येक दोषाचा फोटो, खाली किरकोळ, मध्यम, गंभीर अशी प्रतवारी. गंभीर फक्त दोन: बाथरूमची गळती आणि पश्चिमेची भिंत. भाच्याला धक्का बसला, कारण तो मनाने केव्हाच त्या घरात राहायला गेला होता. टीव्ही कुठे लावायचा हेही ठरलं होतं, आणि तो नेमका पश्चिमेच्या भिंतीवर लावायचा होता. मला वाटतं लोक इन्स्पेक्टर टाळतात त्याचं खरं कारण फी नाही. पसंती होऊन गेल्यावर कोणी खोड काढलेली सोसवत नाही. काकांनी अहवाल चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, त्यांनी वाढवलेल्या दोन फुल्या त्यात नाहीत याबद्दल नापसंती दर्शवली आणि मग एकदम जाहीर केलं, “हे कागद घेऊन मी बोलतो मालकाशी.”

आणि ते बोलले. इथे हिशेब खात्यातली जन्मभराची तपश्चर्या कामाला आली. बाथरूम उकरून पुन्हा करायचं एवढे, बाहेरच्या भिंतीचं काम सोसायटीशी बोलून एवढे, वायरिंग एवढे, पोकळ टाइल एवढ्या गुणिले एवढे. त्यांनी बेरीज मालकासमोर ठेवली. मालकही काही कच्चे नव्हते. ते म्हणाले, ओलीचे पैसे कापता तर तुमच्या वास्तूवाल्यांनी स्वैपाकघर आग्नेयेला आहे म्हणून तारीफ केली होती, त्याचे वाढवा. काकांनी संडास ईशान्येला असल्याची आठवण करून दिली. आग्नेय आणि ईशान्य एकमेकांत वळती झाली. तासाभराने किंमत सव्वादोन लाखांनी उतरली, खालच्या आजोबांच्या छताची दुरुस्ती त्यात धरून, आणि मालकीणबाईंनी सगळ्यांना कॉफी दिली.

आम्ही चपला घालत असताना मालक भाच्याला जिन्यात बाजूला घेऊन गेले. ते स्वतः मुलाजवळ म्हणून बाणेरला फ्लॅट घेत होते, पुढच्या आठवड्यात टोकन द्यायचं होतं. त्यांना त्या इंजिनिअरचा नंबर हवा होता, आणि तो रविवारी येतो का, तेही.